वस्तादानं राखून ठेवलेला डाव

मार्चअखेरीला कोल्हापुरात सीए झोपत नाहीत आणि त्यांच्याकडं हेलपाटे घालणारे अकाउंटंटही झोपत नाहीत. त्यांच्यामागोमाग त्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांचीही झोप जाते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री साडेनऊला शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या मालकांचा फोन आला. "साहेब, सर्व्हरचा पासवर्ड कुणालाच ठाऊक न्हाई. ज्यानं बसवलं ते पोरगं पुण्याला गेलंय, फोन उचलंना. जरा या की."

मी विचारलं, "काम बंद पडलंय का?"

"न्हाई, काम चालू हाय. बिलं निघत्यात. पण सॉफ्टवेअरवाला म्हणतोय, नवीन वर्षाचं अपडेट टाकायचं तर एसए पासवर्ड द्या."

या दोन वाक्यांत सगळा विषय येतो. डेटाबेस चालू आहे, माल तोलला जातोय, जीएसटीची बिलं छापली जातायत, पण त्या डेटाबेसचा मुख्य ताबा कुणाच्याच हातात नाही. घरात सगळे राहतायत, फक्त घर कुणाच्या नावावर आहे तो कागद सापडत नाही, असा प्रकार. रोजच्या व्यवहाराला त्यानं काही अडत नाही. नवीन माणसाला लॉगिन द्यायचं, बॅकअपची वेळ बदलायची, अपडेट टाकायचं किंवा एखाद्याचा प्रवेश काढून घ्यायचा म्हटलं की गाडी अडते.

डेटाबेस सर्व्हर म्हणजे एक तालीम समजा. पैलवान पुष्कळ. कुणी फक्त जोर-बैठका काढायला येतो, कुणाला हौद्यात उतरायची परवानगी असते, पण कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला काढायचं हे वस्ताद ठरवतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये या वस्तादकीचं नाव आहे सिसॲडमिन आणि जन्मापासून ती ज्याच्याकडं असते तो लॉगिन म्हणजे एसए. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये त्याला रूट म्हणतात, पोस्टग्रेस या तिसऱ्यात सुपरयुजर. आता वस्ताद गाव सोडून गेला, तर तालीम पाडून नवी बांधायची का? पुष्कळ जण घाबरून तेच करतात. सर्व्हर काढून टाकतात आणि नव्यानं बसवतात. लॉगिन, ठरवून ठेवलेली कामं, दुसऱ्या सर्व्हरशी जोडलेले धागे, सगळं त्यात वाहून जातं. याची गरज नसते.

आपल्याकडं म्हण आहे, वस्ताद सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो. डेटाबेस बनवणाऱ्यांनीही असा एक डाव राखलेला आहे. तो गुपित नाही, त्यांच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत छापलेला आहे. त्याकडं वळण्याआधी एका गैरसमजाची वाट लावू.

मालकांनी मला पोचल्या पोचल्या विचारलं, "आतून पासवर्ड वाचून काढता येईल न्हवं?" नाही येत. कारण तो आत नसतोच.

गुऱ्हाळात उसाचा रस काहीलीत आटवतात, त्याची ढेप होते. ढेपेवरून ऊस परत उभा करता येत नाही. पासवर्डचंही तसंच आहे. तुम्ही तो पहिल्यांदा ठरवता तेव्हा सर्व्हर त्याला आटवून एक ढेप करतो, तिला हॅश म्हणतात, आणि फक्त ती ढेप जपून ठेवतो. पुढच्या वेळी तुम्ही पासवर्ड टाइप केला की तो पुन्हा तसाच आटवतो आणि नवी ढेप जुन्या ढेपेशी ताडून बघतो. जुळली तर आत. आटवताना त्यात प्रत्येकासाठी वेगळं, कसंही निवडलेलं चिमूटभर काहीतरी टाकतात. त्याला चक्क सॉल्ट, म्हणजे मीठच, म्हणतात. त्यामुळं दोन माणसांनी नेमका एकच पासवर्ड ठेवला तरी ढेपा वेगळ्या निघतात. एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून या आटवणीसाठी एसएचए-५१२ ही पद्धत वापरतो, त्याआधी एसएचए-१ होती. इंटरनेटवर ‘पासवर्ड परत मिळवून देतो’ म्हणणारी जी फुकटची सॉफ्टवेअरं मिळतात, ती एकतर लाखो अंदाज बांधून आटवत बसतात किंवा सर्व्हरच्या मुख्य फायलीत परस्पर खाडाखोड करतात. काहींच्या पोटात तिसरंच काहीतरी असतं. सगळ्या फौंड्रीचा हिशेब ज्या मशीनवर आहे, तिथं असली वस्तू चालवणं म्हणजे भट्टीजवळ पेट्रोलचा कॅन ठेवणं.

म्हणजे आपण पासवर्ड शोधत नाही. आपण मालकी सिद्ध करून नवा वस्ताद नेमतो. हे डोक्यात बसलं की पुढची सगळी पद्धत आपोआप कळते.

कुलूप तोडण्याआधी खिसे तपासायचे, हाही नियम आहेच. त्या रात्री मी पहिला तास त्यातच घालवला. लहान गावातली पुष्कळ सॉफ्टवेअरं डेटाबेसशी थेट एसए म्हणूनच बोलतात. ही वाईट सवय आहे, पण आहे. मग तो पासवर्ड त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कुठंतरी साध्या अक्षरांत पडलेला असतो. नोटपॅडमध्ये फाइल उघडायची आणि ‘कनेक्शन स्ट्रिंग’ नावाची ओळ वाचायची. या फौंड्रीत ती ओळ सापडली, पण तिथला लॉगिन साधा निघाला, वस्ताद नव्हे. सॉफ्टवेअरवाल्यानं काम नीट केलं होतं आणि नेमकं तेच आम्हाला आडवं आलं! दुसरा खिसा म्हणजे ज्यानं इन्स्टॉल केलं त्याचं विंडोज खातं. इन्स्टॉल करताना एसक्यूएल सर्व्हर विचारतो की ॲडमिन कुणाला करायचं, आणि लोक ‘सध्याचा वापरकर्ता’ हे बटण दाबून मोकळे होतात. त्या मुलाचं खातं मशीनवर अजून असेल, तर मशीनचा ॲडमिन त्या खात्याचा पासवर्ड बदलून आत शिरू शकतो. इथं ते खातं आधीच कुणीतरी पुसून टाकलेलं होतं. नोकरी सोडली म्हणून. योग्यच केलं, पण त्या खात्याच्या खिशात काय काय आहे ते न बघता.

एक जुनी गोष्ट सांगायला हवी. एसक्यूएल सर्व्हर २००५ पर्यंत हा प्रश्न फारसा यायचाच नाही. विंडोजचा जो ॲडमिन तोच डेटाबेसचाही ॲडमिन, असं ठरलेलंच असायचं. २००८ च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनं ही आपोआप मिळणारी वस्तादकी काढून घेतली. मशीन सांभाळणारा वेगळा, हिशेब बघणारा वेगळा, हे तत्त्व बरोबर. त्याआधी एसएचा पासवर्ड रिकामा ठेवण्याचीही रीत होती, आणि तिचा प्रसाद जगाला मे २००२ मध्ये मिळाला. स्पायडा नावाचा किडा इंटरनेटवर फिरून रिकाम्या पासवर्डचे सर्व्हर शोधत सुटला होता. पण मोठ्या कंपनीत जिथं दोन वेगळी माणसं असतात, तिथं फौंड्रीत एकच पोरगं असतं. ते गेलं की दोन्ही किल्ल्या जातात.

राखलेला डाव

तत्त्व एवढंच आहे: ज्या मशीनवर डेटाबेस चालतो, त्या मशीनचा ॲडमिन जर सर्व्हर बंद करून एका विशिष्ट अवस्थेत चालू करू शकत असेल, तर डेटाबेस त्याला मालक मानतो. या अवस्थेला सिंगल-युजर मोड म्हणतात. नावाप्रमाणंच त्यात एका वेळी एकच माणूस आत जाऊ शकतो, आणि तो मशीनच्या ॲडमिनिस्ट्रेटर गटातला असेल तर आत गेल्यावर त्याला सिसॲडमिनचे अधिकार मिळतात. हौदा रिकामा करायचा, दार लावायचं आणि जागेच्या मालकानं एकट्यानं आत जाऊन नवा वस्ताद नेमायचा.

पुढं मी आज्ञा बोलताना म्हणतो तशा लिहितोय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

आधी लोकांना उठवायचं. सर्व्हर बंद होणार म्हणजे बिलं थांबणार, काटा थांबणार. आम्ही दुसरी पाळी सुटायची वाट बघितली. मग एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडून डेटाबेसची सर्व्हिस, म्हणजे मागं सतत चालणारा त्याचा प्रोग्रॅम, थांबवली. ती थांबलेली असतानाच डेटाच्या सगळ्या फायलींची दुसऱ्या डिस्कवर एक कॉपी काढून ठेवली. मूळ डेटाबेसच्या एमडीएफ (डेटाची) आणि एलडीएफ (नोंदींच्या लॉगची) फायली तर घेतल्याच, मास्टर नावाच्या डेटाबेसच्याही घेतल्या. सगळे लॉगिन त्या मास्टरमध्येच राहतात. ही दहा मिनिटं कुणी वाचवू नयेत.

त्यानंतर त्याच खिडकीत सर्व्हिसच्या प्रॉपर्टीजमध्ये स्टार्टअप पॅरामीटर्सचं पान असतं. तिथं एक नवी ओळ घालायची: डॅश एम. बस्स. याचा अर्थ, एकट्यासाठी चालू हो. सर्व्हिस पुन्हा चालू करायची, कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, एसक्यूएलसीएमडी या छोट्या प्रोग्रॅमनं विंडोजच्या ओळखीवर आत शिरायचं.

वाचायला हे दोन मिनिटांचं आहे. प्रत्यक्षात इथं तीन ठिकाणी पाय घसरतो, आणि मी तिन्ही ठिकाणी घसरलेलो आहे.

पहिली घसरण म्हणजे आपल्याआधी दुसराच आत शिरतो. एकच जागा आहे आणि ती पकडायला सगळे टपलेले असतात. ठरवून ठेवलेली कामं वेळेवर चालवणारा एसक्यूएल सर्व्हर एजंट चालू असेल तर तो सर्व्हर उठल्या उठल्या पहिला आत घुसतो. ईआरपीची, म्हणजे कारखान्याचा सगळा हिशेब चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, स्वतःची सर्व्हिस असते, ती दर काही सेकंदांनी दार ठोठावत असते. रंकाळ्यावर रविवारी संध्याकाळी गाडी लावायला एकच जागा रिकामी दिसावी आणि आपण रिव्हर्स टाकेपर्यंत कुणीतरी मोपेड घुसवावी, अगदी तसं. मग आपल्याला १८४६१ क्रमांकाचा एरर येतो: सर्व्हर सिंगल-युजर मोडमध्ये आहे, एकच ॲडमिन जोडू शकतो. याला दोन उपाय. एक, सर्व्हरशी जोडल्या जाणाऱ्या बाकीच्या सगळ्या सर्व्हिस आधी थांबवायच्या आणि जमलं तर नेटवर्कची केबल काढायची. दोन, डॅश एमला चिकटून, मध्ये जागा न सोडता, एसक्यूएलसीएमडी हे नाव लिहायचं. मग सर्व्हर फक्त त्या नावाच्या प्रोग्रॅमलाच आत घेतो. नावातली अक्षरं लहान-मोठी जशी प्रोग्रॅम सांगतो तशीच हवीत. आणि ही काही सुरक्षा नव्हे. नाव कुणालाही खोटं सांगता येतं. फक्त गर्दी टाळायची सोय आहे.

दुसरी घसरण मॅनेजमेंट स्टुडिओची, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर हाताळायच्या नेहमीच्या खिडक्यांच्या प्रोग्रॅमची. तो दिसायला छान, पण डाव्या बाजूची यादी दाखवायला एक जोडणी घेतो आणि क्वेरीची खिडकी उघडली की दुसरी मागतो. एकाच खुर्चीवर दोघं बसू बघतात. म्हणून या कामाला कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकीच बरी.

तिसरी घसरण सगळ्यात वैताग देणारी. तुम्ही मशीनचे ॲडमिन आहात, तरी सर्व्हर १८४५६ क्रमांकाचा एरर देतो, लॉगिन फेल. कारण विंडोज तुम्हाला रोजच्या कामात ॲडमिन म्हणून वावरू देतच नाही. तुमचे अधिकार काढून ठेवून साध्या माणसाचा अंगरखा घालते. काळी खिडकी उघडताना तिच्यावर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हटलं तरच खरा अंगरखा मिळतो. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मी दीड तास सर्व्हरला शिव्या घालत होतो. चूक त्या एका क्लिकची होती.

आत शिरल्यावर काम दोन ओळींचं. पहिल्या ओळीत क्रिएट लॉगिन म्हणून आपलं विंडोज खातं सर्व्हरला ओळखीचं करून द्यायचं. दुसरीत ऑल्टर सर्व्हर रोल सिसॲडमिन ॲड मेंबर म्हणून त्याला वस्तादकी द्यायची. २०१२ च्या आधीची आवृत्ती असेल तर दुसऱ्या ओळीऐवजी एसपी-ॲड-सर्व्हर-रोल-मेंबर ही जुनी आज्ञा. आणि प्रत्येक आज्ञेनंतर खालच्या ओळीवर ‘गो’ लिहायचं. त्याशिवाय एसक्यूएलसीएमडी काही पाठवतच नाही, नुसता पुढचा आकडा दाखवत बसतो. बैलाला हाकारा दिल्याशिवाय तो हलत नाही तसं.

मग बाहेर यायचं, डॅश एमची ओळ काढून टाकायची, सर्व्हिस नेहमीसारखी चालू करायची. ती ओळ काढायला विसरणारेही मी पाहिलेत. सकाळी आठला पहिला माणूस बिल काढतो, दुसऱ्याला एरर येतो आणि सगळे म्हणतात, रात्री कुणीतरी येऊन बिघडवून गेलं.

हा सगळा खटाटोप एका आज्ञेत करणारा रिसेट-डीबीए-ॲडमिन नावाचा पर्याय डीबीएटूल्स या मोफत पॉवरशेल संचात आहे. चांगला आहे. पण पहिल्यांदा हातानं करावं असं माझं मत. आत काय घडतं ते कळल्याशिवाय एका बटणावर विश्वास टाकू नये.

एसएला हात लावू नका

आत शिरल्यावर साहजिक मोह होतो की एसएचाच पासवर्ड बदलून टाकावा. टाळा. बऱ्याच वर्षांपूर्वी मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत्याकडं मी हेच केलं होतं. सकाळी गुळाचे सौदे सुरू झाले आणि वजनकाट्याचा स्क्रीन गपगार. काट्याचं सॉफ्टवेअर एसए म्हणून बोलत होतं. शेतकऱ्यांना एसएमएस पाठवणारा प्रोग्रॅमही, आणि मागच्या खोलीतला बिलांचा प्रिंटरसुद्धा. त्या तिघांच्या तीन सेटिंगच्या फायली तीन वेगळ्या माणसांनी लिहिलेल्या. बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली, आणि मी त्या फायली शोधत बसलो. त्यात भर म्हणजे पासवर्डची धोरणं चालू असतील, तर जुन्या पासवर्डनं सारखे धक्के देणाऱ्या प्रोग्रॅममुळं एसए खातंच लॉक होतं. मग अनलॉक करायची आणखी एक फेरी. म्हणून नवा लॉगिन काढायचा, त्याला अधिकार द्यायचे आणि एसएला आहे तसं सोडून द्यायचं. कोण कोण त्याच्या नावावर जगतंय ते आठवडाभर बघायचं, मगच त्याला निवृत्त करायचं.

आणखी एक. एसएचा पासवर्ड बरोबर असूनही तो आत घेत नाही असं होऊ शकतं. सर्व्हर फक्त विंडोजची ओळख मानायच्या सेटिंगवर बसवलेला असेल तर एसए मुळात बंद असतो. अशा वेळी दोष पासवर्डचा नसतो. सेटिंग मिश्र पद्धतीवर नेऊन सर्व्हिस पुन्हा चालू केल्याशिवाय आणि एसए सुरू केल्याशिवाय काही होत नाही.

दुसऱ्या तालमी

मायएसक्यूएल आणि त्याचाच भाऊबंद असलेल्या मारियाडीबीवाल्यांसाठी आधी चांगली बातमी. उबंटूसारख्या लिनक्सवर पुष्कळदा पासवर्ड हरवलेलाच नसतो, तो कधी ठेवलेलाच नसतो. तिथं डेटाबेसच्या रूटची ओळख मशीनच्या रूटवरूनच, म्हणजे लिनक्सच्या मुख्य ॲडमिनवरूनच, पटवली जाते. चप्पल लाइनीतल्या एका मित्राच्या ऑनलाइन दुकानाचा सर्व्हर असाच होता. त्यानं दोन दिवस पासवर्ड आठवण्यात घालवले होते. मी सुडो, म्हणजे ‘हे मशीनचा रूट म्हणून चालव’, लिहून पुढं मायएसक्यूएल लिहिलं आणि आत. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मारियाडीबीनं १०.४ पासून हीच पद्धत आपली मूळ पद्धत केली आहे. मायएसक्यूएल ५.७ पासून बऱ्याच लिनक्स इन्स्टॉलमध्ये रूटचा पहिला तात्पुरता पासवर्ड सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये लिहिलेला असतो. कुणी अजून बदलला नसेल तर तोच चालतो.

खरोखरच हरवला असेल तर दोन वाटा. प्रसिद्ध वाट म्हणजे स्किप-ग्रँट-टेबल्स. सर्व्हरला सांगायचं की परवानग्यांची वहीच उघडू नकोस. मग तो कुणालाही काहीही न विचारता आत घेतो. ‘कुणालाही’ हा शब्द नीट वाचा. जुन्या आवृत्त्यांत या काळात नेटवर्कवरचा कुणीही आत येऊ शकायचा, त्यामुळं नेटवर्क स्वतः बंद करावं लागे. ८.० पासून सर्व्हर बाहेरच्या जोडण्या आपण होऊन बंद करतो. आत गेल्यावर थेट पासवर्ड बदलायला गेलात तर तो नकार देतो, कारण वही मिटलेली आहे. आधी फ्लश प्रिव्हिलेजेस म्हणून वही उघडायला लावायची, मग ऑल्टर युजर. मला दुसरी वाट जास्त आवडते. एका साध्या फाइलमध्ये पासवर्ड बदलण्याची एकच ओळ लिहायची आणि सर्व्हर चालू करताना इनिट-फाइल म्हणून तिचं नाव द्यायचं. सर्व्हर उठताना ती ओळ पाळतो, दार एक क्षणही सताड उघडं राहत नाही. नंतर फाइल पुसायची, तिच्यात पासवर्ड उघडा लिहिलेला असतो.

इथं एक गंमत सांगतो. २०१२ साली मायएसक्यूएल आणि मारियाडीबीच्या काही ठराविक बांधणींमध्ये एक दोष सापडला. चुकीचा पासवर्ड सुमारे २५६ पैकी एका वेळी बरोबर मानला जायचा. ढेपा ताडून बघणाऱ्या एका ओळीत चूक होती. म्हणजे नुसतं तीनशे वेळा दार ढकललं की बहुतेक वेळा उघडायचं. तो लगेच दुरुस्त झाला, आजच्या कामाला त्याचा उपयोग नाही.

पोस्टग्रेसमध्ये सगळा खेळ पीजी-एचबीए नावाच्या एका साध्या फाइलचा. कोण, कुठून आला तर त्याची ओळख कशी पटवायची, हे तिच्यात ओळीओळीनं लिहिलेलं असतं आणि वरून खाली वाचताना जी ओळ पहिल्यांदा लागू पडेल तीच चालते. त्याच मशीनवरून येणाऱ्यासाठीच्या ओळीत काही मिनिटांपुरतं ‘ट्रस्ट’ लिहायचं, सर्व्हर रीलोड करायचा, आत जाऊन पासवर्ड बदलायचा, ओळ पूर्ववत करून पुन्हा रीलोड. विंडोजवर लोक १२७.०.०.१ या त्याच मशीनच्या पत्त्याची ओळ बदलतात आणि तरी पासवर्ड मागतो म्हणून रडतात. लोकलहोस्ट हे त्याच मशीनचं नाव बऱ्याचदा नव्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही६ च्या, पत्त्यावर जातं, त्याची ओळ खाली वेगळी असते.

ओरॅकलमध्ये मशीनवरच्या डीबीए गटात तुम्ही असाल तर पासवर्डशिवाय सिसडीबीए म्हणून आत जाता येतं. तिथं एवढंच पुरतं.

क्लाउडवर मात्र मशीनच तुमच्या हातात नसतं, त्यामुळं हे कुठलेच डाव लागू पडत नाहीत. तिथं मालकीचा कागद म्हणजे क्लाउडचं खातं. त्या खात्यातून मुख्य पासवर्ड दोन क्लिकमध्ये नवा ठरवता येतो. प्रश्न असा की ते खातं कुणाच्या ईमेलवर आहे आणि ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? वेबसाइट बनवणाऱ्या मुलानं स्वतःच्या ईमेलवर खातं काढलेलं असतं आणि बिल आपल्या कार्डातून जात असतं, हे राजारामपुरीपासून कागलपर्यंत कुठंही बघायला मिळेल.

आणि एक ठिकाण असं, जिथं कुठलाच डाव चालत नाही. डेटाच्या फायलीच कूटबद्ध केलेल्या असतील, तर वस्तादकी परत मिळून उपयोग नाही, किल्ली हवी. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठी टीडीई नावाची सोय असते, तिची किल्ली एका प्रमाणपत्रानं जपलेली असते. त्या मशीनवर सर्व्हर जिवंत आहे तोवर काही जाणवत नाही. पण मशीन मेलं आणि प्रमाणपत्राची कॉपी बाजूला काढलेली नसेल, तर बॅकअप हातात असूनही तो दगड. सर्व्हर जिवंत असताना ताबा परत मिळाला, तर त्या रात्रीचं पहिलं काम म्हणजे ते प्रमाणपत्र आणि त्याची खासगी किल्ली दुसरीकडं ठेवणं. विंडोजची डिस्क बिटलॉकरनं, म्हणजे विंडोजच्याच डिस्क कूटबद्ध करायच्या सोयीनं, बंद असेल तर तिची किल्लीही.

याची उलटी बाजूही आहे, आणि ती मालकांना सांगितल्यावर ते जरा गप्प झाले. फायली कूटबद्ध नसतील, तर त्यांना कसला पासवर्डच नसतो. तुमच्या डेटाबेसचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन कुणीही आपल्या लॅपटॉपवर, जिथं तो स्वतः वस्ताद आहे, उतरवून घेऊ शकतो. सगळ्या गिऱ्हाइकांचे दर, सगळी येणी. २०१९ च्या महापुरानंतर पुष्कळ जणांनी बॅकअप घरी न्यायची चांगली सवय लावून घेतली, पण तो पेन ड्राइव्ह गाडीच्या डॅशबोर्डमध्ये चिल्लर आणि टोलच्या पावत्यांबरोबर पडलेला असतो.

कागदाचंही सांगतो. दुसऱ्याच्या सर्व्हरवर हे करण्याआधी मी मालकाकडून लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी दोन ओळी घेतो. त्यांना आधी राग येतो. पण माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याबद्दल आहे, आणि तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भागीदारांत भांडण असेल तर ‘मालक’ म्हणजे नेमका कोण, हेही विचारावं लागतं. उगाच दोन भावांच्या वादात आपण साक्षीदार व्हायचो. सर्व्हरचा लॉग तर साक्षीला असतोच. तो सिंगल-युजर मोडमध्ये केव्हा चालू झाला, हे तिथं वेळेसकट लिहिलं जातं.

त्या रात्री शिरोलीत सर्व्हिस बंद केल्यापासून पुन्हा चालू होईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. त्यातली निम्मी फायली कॉपी व्हायला. मालक शेजारी खुर्ची टाकून बसले होते. चहाचा तिसरा कप आला.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच."

ते थोडा वेळ स्क्रीनकडं बघत राहिले. "मग हे तुम्हीच करू शकता, का कुणीबी?"

"या मशीनचा विंडोजचा ॲडमिन पासवर्ड ज्याला ठाऊक आहे, तो कुणीही. तो पासवर्ड तुमच्याकडं कुणाकुणाला ठाऊक आहे?"

मालकांनी बोटं मोजायला सुरुवात केली. मी स्वतः. अकाउंटंट. काट्यावरचा पोरगा, कारण प्रिंटर अडकला की तोच रिस्टार्ट करतो. सॉफ्टवेअरवाला. सीसीटीव्हीवाला, त्याचं रेकॉर्डिंग याच मशीनवर जातं. मग दुसरा हात काढला. तो पुण्याला गेलेला. पाळीचा सुपरवायझर, आणि त्याच्या आधीचा सुपरवायझर, जो आता गोकुळ शिरगावला दुसऱ्या फौंड्रीत आहे.

"आठ," ते म्हणाले.

पावणेबाराला आम्ही विंडोजचा पासवर्ड बदलला. डेटाबेसची वस्तादकी दोन नावांवर केली, एक मालकांच्या आणि एक त्यांच्या मुलीच्या, कारण कामाचं बघायला ती आता रोज येते. पासवर्ड कागदावर लिहून लखोट्यात घातला, लखोट्याच्या जोडावर दोघांच्या सह्या घेतल्या आणि तो तिजोरीत ठेवला. काट्यावरच्या पोराला साधं खातं काढून दिलं, मशीन रिस्टार्ट करण्यापुरतं.

तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. आवाजात हसू होतं. "साहेब, सकाळपास्नं चौघांचे फोन आले, पासवर्ड चालंना म्हणून. त्यातला एक तर गोकुळ शिरगावचा."